सत्यता कोष्टक मांडताना या चुका टाळा

विधान कधी सत्य, कधी असत्य हे सगळ्या शक्यता मांडून दाखवणारं सत्यता कोष्टक चुकतं ते बहुतेक वेळा स (सत्य) आणि अ (असत्य) भरायच्या आधीच. वाक्य चिन्हांत मांडताना गफलत झाली, की पुढचे सगळे रकाने अचूक भरूनही उत्तर चुकीचंच येतं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ‘तर’ आणि ‘तरच’ यांत. ‘वीज असेल तरच दिवा लागतो’ हे अनेकजण ‘वीज → दिवा’ असं लिहितात (→ म्हणजे ‘जर... तर’). पण वीज असूनही दिवा बंद असू शकतो. वाक्य एवढंच सांगतं की दिवा लागला असेल, तर वीज आहेच. म्हणजे ‘दिवा → वीज’. ‘तरच’च्या आधी जे येतं, ते बाणाच्या उजवीकडे जातं. ‘पण’ आणि ‘तरीही’ यांना मात्र सरळ ∧ (‘आणि’) लावा. बोलण्यातला विरोध कोष्टकात उतरत नाही.

ओळी कमी पडणे किंवा दुबार होणे

साध्या विधानांसाठी वापरलेली अक्षरं (प, फ, ब) मोजताना प कितीही वेळा आला तरी एकदाच धरा, आणि ¬प (‘प नाही’) हे वेगळं अक्षर नव्हे. २ अक्षरांना ४ ओळी, ३ ना ८, ४ ना १६. ओळी मनाला येतील तशा लिहू नका. ३ अक्षरं असतील तर पहिल्या रकान्यात ४ स, ४ अ, दुसऱ्यात दोन-दोन, तिसऱ्यात एकाआड एक. दोन विधानं सममूल्य (प्रत्येक ओळीत सारखीच सत्य किंवा असत्य) आहेत का हे पाहताना दोन्हींसाठी अक्षरांचा क्रम एकच ठेवा, नाहीतर तुलनेला अर्थ उरत नाही.

कंस गाळणे

(प → फ) → ब आणि प → (फ → ब) ही दोन वेगळी विधानं आहेत. वरच्या क्रमाने ८ ओळी मांडल्या, तर सहाव्या आणि आठव्या ओळीत पहिलं असत्य येतं, दुसरं सत्य. तसंच ¬(प ∧ फ) म्हणजे ¬प ∧ ¬फ नव्हे: पहिल्याचा रकाना अ स स स, दुसऱ्याचा अ अ अ स. आतल्या कंसापासून बाहेर या, प्रत्येक पायरीला वेगळा रकाना द्या आणि मुख्य संयोजकाचा (संपूर्ण विधानाला लागू होणाऱ्या चिन्हाचा) रकाना सर्वात शेवटी भरा.

पूर्वांग (बाणाच्या डावीकडचा भाग) असत्य असताना अडखळणे

‘संख्येला ४ ने भाग जात असेल, तर २ ने जातो’ हे कोणत्याही पूर्ण संख्येबाबत खरंच आहे. आता १२ घ्या: स, स. ६ घ्या: ४ ने भाग जात नाही, २ ने जातो; अ, स. ७ घ्या: अ, अ. विधान तिन्ही वेळा खरं राहायला हवं, म्हणून या तिन्ही ओळींत → खाली स येतो. असत्य ठरवणारी ओळ एकच: पूर्वांग स, उत्तरांग (बाणाच्या उजवीकडचा भाग) अ. अशी संख्या सापडतच नाही. पाठांतरापेक्षा हे उदाहरण डोक्यात ठेवा. परीक्षेत गोंधळ झाला की तिथल्या तिथे नियम पुन्हा काढता येतो.

युक्तिवाद तपासताना भलतीच ओळ पाहणे

‘प → फ, फ, म्हणून प’ हा युक्तिवाद घ्या. प → फ आणि फ ही आधारविधानं, प हा निष्कर्ष.

| प | फ | प → फ |
|---|---|---|
| स | स | स |
| स | अ | अ |
| अ | स | स |
| अ | अ | स |

पहिल्या ओळीत सगळंच सत्य दिसतं आणि तिथेच ‘युक्त’ (निष्कर्ष आधारविधानांतून निघतोच) असं लिहून मोकळं होण्याचा मोह होतो. शोधायची असते ती उलटी ओळ: सर्व आधारविधानं सत्य, निष्कर्ष असत्य. तिसरी ओळ तशी आहे, म्हणून युक्तिवाद अयुक्त. चौथ्या ओळीतही निष्कर्ष असत्य आहे, पण तिथे फ हे आधारविधानच असत्य असल्याने त्या ओळीवरून काहीच ठरत नाही.

उत्तर जमत नसेल, तर रकान्यातले स मोजा. दोन वेगळ्या अक्षरांवरच्या ४ ओळींत ∧ ला १, ∨ (‘किंवा’) ला ३, → ला ३ आणि ↔ (‘तर आणि तरच’) ला २ स यायला हवेत. ८ ओळी असतील तर दुप्पट. आकडा जुळला नाही, की चूक त्याच रकान्यात किंवा त्याच्या डावीकडे आहे.