नागपूर स्टेशनवर उतरल्यावर मेट्रो आणि बस कशी गाठायची

वर्धा, काटोलकडून रोज अप-डाउन करणाऱ्यांना हे पाठ असतं, नवखा माणूस मात्र इथेच चुकतो. नागपूर स्टेशनला दोन बाजू आहेत. पश्चिमेला 1925 ची दगडी इमारत आणि मुख्य दार, पूर्वेला संत्रा मार्केटचं दार. मेट्रो पूर्वेच्या बाजूला आहे.

गाडीतून उतरलात की गर्दीमागे जाऊ नका. पुलावर चढा, संत्रा मार्केटची पाटी बघा आणि तीच दिशा धरा. रेल्वेचं तिकीट किंवा पास हातातच ठेवा. चुकून पश्चिमेला बाहेर पडलात, तर पुन्हा आतून पूल ओलांडायला प्लॅटफॉर्म तिकीट लागतं. बाहेरून जायचं तर लोहापुलाकडून वळसा पडतो, आणि हातात बॅगा असतील तर ऑटोच करावा लागतो. एका जिन्याच्या चुकीपायी पंधरा-वीस मिनिटं हमखास जातात.

मेट्रोत चढताना गाडीचं शेवटचं स्थानक बघायचं. बर्डीकडे, म्हणजे सीताबर्डीकडे जायचं असेल तर लोकमान्य नगरची गाडी. प्रजापती नगरची गाडी उलट, अग्रसेन चौक, आंबेडकर चौकाच्या बाजूला जाते. कागदी तिकिटावरचा क्यूआर कोड आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा गेटवर दाखवावा लागतो. म्हणून घडी घालताना ती कोडवर येऊ देऊ नका आणि आत शिरल्यावर तिकीट फेकू नका. रोजचं जाणं-येणं असेल तर महाकार्ड घ्या, खिडकीवरची रांग वाचते.

आता बसचं. मोरभवन बस स्टँडला जाणारे बरेच जण सीताबर्डीला उतरतात आणि गर्दीतून चालत बसतात. त्याऐवजी पुढच्या झाशी राणी चौकात उतरा, मोरभवन तिथून जवळ आहे. रेल्वे स्टेशनपासून मोजलं तर कॉटन मार्केट, सीताबर्डी, झाशी राणी, म्हणजे तिसरं स्थानक. गणेशपेठच्या मोठ्या एसटी स्टँडवर जायचं असेल तर मात्र पहिल्याच कॉटन मार्केटला उतरून चालत जा. या दोन स्टँडची गल्लत फार होते. लांब पल्ल्याच्या एसटीसाठी गणेशपेठ, शहरातल्या ‘आपली बस’साठी आणि जवळपासच्या एसटीसाठी मोरभवन. मोरभवनला दोन्ही गाड्या दिसतात, पण सेवा वेगळ्या. एसटीचा पास महापालिकेच्या बसमध्ये चालत नाही. महिलांना निम्मं तिकीट आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास, या सवलती एसटी महामंडळाच्या आहेत, त्या हिशोबात सिटी बसमध्ये चढू नका. सिटी बसला सुटे पैसे हवेतच. बसच्या पाटीवर फक्त शेवटचा थांबा असतो, तेव्हा चढण्याआधी कंडक्टरला ‘कुठून जाते?’ असं विचारा.

मिहान (विमानतळाजवळचा उद्योगांचा भाग) किंवा एम्सला जाणाऱ्यांनी सीताबर्डीला ॲक्वा लाइन, म्हणजे स्टेशनवरून धरलेली मेट्रो, सोडून खापरीकडे जाणारी ऑरेंज लाइन पकडायची. दोन्हींचे फलाट वेगवेगळ्या मजल्यांवर आहेत, पण गेटबाहेर जायची गरज नाही. बाहेर पडलात तर नवं तिकीट काढावं लागेल. शेवटच्या खापरी स्थानकावर उतरून पुढे बस किंवा ऑटो. कामठी रोडसाठी सीताबर्डीलाच ऑटोमोटिव्ह चौकाची गाडी घ्या. हिंगणा एमआयडीसीला जायचं असेल तर गाडी बदलू नका, सरळ लोकमान्य नगरपर्यंत बसून राहा.

नावांवर विसंबू नका. ‘विमानतळ’ मेट्रो स्थानक वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दारात नाही, त्यामुळे सामान असेल तर पुढचा ऑटो आधीच हिशोबात धरा. तसंच ‘अजनी चौक’ स्थानक अजनी रेल्वे स्टेशनला लागून नाही. अजनीला उतरणाऱ्यांना काँग्रेस नगर जवळ पडतं. आणि मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, जाणाऱ्या रुग्णांनी, गाडी अजनीला थांबत असेल तर, नागपूरपर्यंत येऊच नये. अजनीच्या पूर्वेच्या बाजूने मेडिकल जवळ आहे. परतीचं तिकीट काढताना स्टेशनचं नाव नीट वाचा. नागपूर, अजनी आणि इतवारी ही तीन वेगळी स्टेशनं आहेत आणि काही गाड्या अजनी किंवा इतवारीहूनच सुटतात.

मेट्रो साधारण सकाळी 6 ते रात्री 10 चालते. तुमची रेल्वे रात्री नऊनंतर पोहोचणार असेल आणि पुढे सीताबर्डीला गाडी बदलायची असेल, तर उशीर धरून ऑटोचे पैसे जवळ ठेवा.