पानाच्या फोटोत पांढरा कागदही येऊ द्या

पिकाला नत्र (नायट्रोजन) कमी पडतंय का, हे ताडायला आपण दर आठवड्याला पानाचा फोटो काढतो. पण ऊन-सावलीमुळे तेच पान कधी गर्द, कधी फिकट दिसतं.

शेंड्याकडून पहिलं पूर्ण उघडलेलं पान घ्या. धूळ पुसा. मागे पांढरा कागद धरा, पान आणि कागद दोन्हींवर स्वतःची सावली पाडा, फ्लॅश बंद ठेवा. फोटोत कागद पिवळट किंवा निळसर आला, तर तो फोटो सरळ बाद करा. वेळ दर आठवड्याला तीच, आणि निदान १० झाडं तरी घ्याच. एका पानावरून खत ठरवू नका.

एक मात्र सांभाळा: नत्र कमी असेल तर खालची जुनी पानं आधी पिवळी पडतात. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर बहुधा लोह कमी पडतंय. तिथे युरिया टाकून उपयोग नाही, त्यातून नत्रच मिळतं.