लग्नाच्या सीड्या: आधी उतरवा, मग आवळा

२००० ते २०१२ मी कराडात लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग करायचो. मंगलाष्टका चालू असताना कोपऱ्यातून गुलाब गरगरत येतो, पाकळीतून नवरीचा चेहरा उमटतो आणि मागे सिनेमातलं गाणं वाजतं, ते पाप आमच्यासारख्यांचं. आता तीच लग्नं पिशव्या भरून माझ्याकडे परत येतात. डिस्क अडकते, नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नाही, आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच: कॉपी करायला कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?

गेल्या दिवाळीत पुतणी पुण्याहून आली ती अशीच पिशवी घेऊन. अकरा डिस्क. भाऊ-वहिनीचं २००२चं लग्न, साखरपुडा आणि तिचं बारसं मिळून सहा व्हीसीडी. आमच्या आईचं सहस्रचंद्रदर्शन आणि पुतण्याची मुंज मिळून चार डीव्हीडी. शिवाय फोटोंची एक सीडी. तिने आधीच एक ‘सगळं काही एकात’ छापाचं सॉफ्टवेअर उतरवून एक डिस्क करून बघितली होती. पैसे न भरता वापरल्यामुळे अंतरपाटावर, बरोबर मधोमध, कंपनीचं नाव आडवं छापून आलं होतं.

“काका, हे पुसता येईल का?”

नाही येत. पण त्या सॉफ्टवेअरवर माझा खरा राग त्या नावामुळे नाही. डिस्कवरचं जसंच्या तसं उतरवून घेणं आणि नंतर त्याचा आकार कमी करणं, ही दोन कामं त्याने एकाच बटणात घातली होती. पहिलं काम एकदाच आणि नीट करायचं असतं. दुसरं मन मानेल तितक्या वेळा करता येतं, चुकलं तर पुन्हा करता येतं, अट एवढीच की पहिलं हातात हवं. आणि एक आतली गोष्ट सांगतो. मिनी डीव्ही कॅसेटचं एक तासाचं शूटिंग संगणकात घेतलं की १३ जीबी लागायचे. तेवढी जागा तेव्हा कुणाकडे होती? डिस्क लिहून झाली की संगणकातलं पुसायचं आणि कॅसेट पुढच्या लग्नाला वापरायची. म्हणजे तुमच्या कपाटातली ती डिस्क हीच आज मूळ प्रत आहे. स्टुडिओत मागे काहीही शिल्लक नाही.

सॉफ्टवेअर शोधण्याआधी डिस्क संगणकात घालून आतलं फोल्डर बघा. एमपीईजीएव्ही नावाचं फोल्डर आणि त्यात डॅट शेपटाची मोठी फाइल दिसली तर ती व्हीसीडी. व्हिडिओ टीएस नावाचं फोल्डर असेल तर डीव्हीडी. वरच्या कागदावर काय लिहिलंय यावर जाऊ नका, आम्ही दोन्हींवर ‘शुभविवाह’ एवढंच छापायचो.

व्हीसीडीचं काम सोपं. ती डॅट फाइल हार्ड डिस्कवर ओढून टाका, झालं. व्हीएलसी हा फुकट व्हिडिओ प्लेअर ती थेट वाजवतो. एखाद्या टीव्हीने डॅट घ्यायला नकार दिला तर व्हीसीडीगिअर नावाचं जुनं, छोटं, फुकट साधन आतला एमपीईजी तेवढा बाहेर काढून देतं, चित्राला हात न लावता. व्हीसीडीची आयएसओ (अख्ख्या डिस्कची एकाच फाइलमधली प्रत) मात्र करत बसू नका. तिच्यावरचा व्हिडिओ २३२४ बाइटच्या खणांत असतो आणि आयएसओचे खण २०४८चे, त्यामुळे प्रत बिघडलेली निघते. आकार कमी करायच्या भानगडीतही पडू नका. चित्र मुळात ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं, तासाभराचा कार्यक्रम ६०० एमबीत बसवलेला. उसाच्या चोथ्यातून पुन्हा रस काढण्यातला प्रकार. आणि ‘एचडी करून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. जे कॅमेऱ्याने २००२ साली टिपलं आणि व्हीसीडी करताना आम्ही फेकून दिलं, ते कुणालाच परत आणता येणार नाही.

डीव्हीडीला थोडा विचार लागतो. घरगुती डिस्कला कॉपी अडवणारं कुलूप नसतं, त्यामुळे अख्खं व्हिडिओ टीएस फोल्डर उचलून कॉपी केलं तरी चालतं. आत व्हीओबी फाइली दिसतील, जास्तीत जास्त १ जीबीची एकेक. ते तुकडे समारंभाचे नाहीत, केवळ आकाराचे आहेत. एक तुकडा ‘शुभ मंग’पाशी संपून दुसरा ‘ल’पासून सुरू होऊ शकतो. लोक हे तुकडे एकेक करून बदलतात आणि मग सांध्यावर आवाज मागेपुढे होतो म्हणून तक्रार करतात. सॉफ्टवेअरला नेहमी अख्खं फोल्डर दाखवा, सुटी व्हीओबी नको.

मेन्यूसकट सगळं हवं असेल तर विंडोजवर इमगबर्नने आयएसओ करा. त्याची शेवटची आवृत्ती २०१३ची आहे पण काम चोख करते. उतरवताना सोबत भलतीच सॉफ्टवेअर गळ्यात पडत नाहीत ना, तेवढं प्रत्येक पडद्यावर वाचून पुढे जा. मेन्यूचं कौतुक नसेल तर मेकएमकेव्ही. ते डिस्कवरचा व्हिडिओ आणि आवाज तसाच उचलून एका एमकेव्ही फाइलमध्ये ठेवतं, दर्जा कणभर कमी होत नाही, आणि डीव्हीडीसाठी त्याला पैसे पडत नाहीत. मी दोन्ही करतो. जागा लागते, लागू दे.

मेकएमकेव्हीने मला एकदा चांगलंच फसवलं, म्हणजे खरं तर मीच वाचलं नाही. सहस्रचंद्रदर्शनाच्या डिस्कवर आईने घेतलेल्या उखाण्याला मी मेन्यूत वेगळं बटण दिलं होतं, दीड मिनिटाचं टायटल, म्हणजे डिस्कवरचा वेगळा व्हिडिओ. प्रत केली, बघितली, उखाणा गायब. ते सॉफ्टवेअर १२० सेकंदांपेक्षा लहान टायटल मुळात मोजतच नाही, सेटिंगमध्ये तसा आकडा भरून ठेवलेला असतो. तो शून्याजवळ आणा आणि डिस्क पुन्हा उघडा. आकार कमी करणाऱ्या हँडब्रेकलाही (त्याच्याबद्दल पुढे) अशी मर्यादा आहे, पण ती १० सेकंदांची.

अडकणाऱ्या डिस्कसाठी यातलं काहीच उपयोगाचं नाही. आधी ती मऊ सुती कापडाने पुसा, मधल्या भोकापासून कडेकडे, सरळ रेषेत. गोल गोल पुसू नका. वरचा चिकट कागद सोलायचा मोह सगळ्यांना होतो. सीडीत चकाकणारा थर त्या कागदाच्या अगदी खाली असतो, कागदाबरोबर तोही निघून येतो आणि मग खेळ खलास. डीव्हीडीत तो थर दोन चकत्यांच्या मधे असतो, तरी सोलू नकाच. (हे कागद मीच चिकटवलेत. आणि पन्नासच्या गठ्ठ्यातल्या सगळ्यात स्वस्त डिस्क वापरल्यात. आता कबूल करायला हरकत नाही.)

त्यानंतर डीडीरेस्क्यू. हे लिनक्सवरचं फुकट साधन, काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून चालवायचं, म्हणून लोक घाबरतात. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करणारा एखादा भाचा शोधा आणि त्याला चहा पाजा. विंडोज खराब जागी डोकं आपटत बसतं आणि शेवटी कॉपीच सोडून देतं. डीडीरेस्क्यू आधी चांगला भाग पटापट उचलतं, खराब जागांची नोंद एका फाइलमध्ये ठेवतं आणि मग फक्त तेवढ्याच जागांवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. गंमत अशी की तीच नोंद घेऊन डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली तर उरलेल्या जागाच वाचल्या जातात, आणि एका ड्राइव्हला न दिसलेलं दुसऱ्याला बऱ्याचदा दिसतं. मुंजीची दुसरी डिस्क माझ्या जुन्या रायटरने आणि शेजाऱ्याच्या यूएसबी ड्राइव्हने मिळून पूर्ण केली. डीव्हीडी रेकॉर्डरवर लिहून फायनलाइज न केलेली, म्हणजे शेवटी बंद न केलेली डिस्क संगणकाला कोरी दिसते. तिथे आयसोबस्टर लागतं, ते विकत घ्यावं लागतं.

आता आवळणं, म्हणजे आकार कमी करणं. पण आधी बेरीज करा. पुतणीच्या अकराच्या अकरा डिस्क मिळून बावीसेक जीबी भरल्या. ४.७ जीबीच्या दोनशे डीव्हीडी १ टीबीच्या हार्ड डिस्कवर मावतात. म्हणजे जपून ठेवण्यासाठी आकार कमी करायची गरजच नाही. लोक अजून डीव्हीडी श्रिंकचं नाव घेतात. उत्तम सॉफ्टवेअर होतं, पण ते थांबलं २००४ साली, आणि त्याचं काम ८.५ जीबीची डिस्क ४.७च्या कोऱ्या डिस्कवर बसवणं एवढंच. आज कोरी डिस्क घेतंय कोण? ते पहिल्यापासून फुकट होतं. त्याच्या नावाने कुणी पैसे मागत असेल तर उलट्या पावली फिरा.

आवळायचं ते फोनवर बघायला, टीव्हीच्या पेनड्राइव्हला आणि अमेरिकेतल्या आत्याला पाठवायला. त्यासाठी हँडब्रेक. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, आणि सिनेमांच्या डिस्कचं कुलूप ते उघडत नाही, त्यासाठी ते नाहीच. ५७६पी २५ नावाचा तयार पर्याय निवडा. ठरावीक आकार गाठायच्या मागे लागू नका, दर्जा ठरवा: आरएफ नावाची सरकपट्टी आहे, आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं. आपल्या कामाला १८ ते २२. मी २० ठेवतो, हळदीच्या कार्यक्रमाला १८, कारण संध्याकाळच्या अंधारात चित्रावर बारीक रवा दिसतो आणि जास्त आवळलं की त्या रव्याचे चौकोन होतात.

व्हिडिओ आवळायच्या पद्धतींपैकी एच २६४ घ्या. एच २६५ने फाइल आणखी लहान होते खरी, पण गावाकडचा जुना टीव्ही ती उघडेलच असं नाही.

सॉफ्टवेअर चांगलं की फालतू, हे मी एकाच गोष्टीवरून ओळखतो: ते डीइंटरलेसचं, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या टिपलेल्या चौकटी नीट करण्याचं, काय करतं. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी, पण प्रत्येक चौकट दोन अर्ध्यांत टिपलेली. एकात विषम ओळी, एकात सम, मधे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर. जुन्या डब्यासारख्या टीव्हीवर ते कळायचं नाही. संगणकावर मात्र वरातीत नाचणाऱ्याच्या हाताला कंगव्याचे दात फुटतात. बरीच सॉफ्टवेअर एक अर्धा सरळ फेकून देतात, नाहीतर दात तसेच भाजून पक्के करतात. हँडब्रेकच्या फिल्टरमध्ये डीइंटरलेस चालू करून बॉब निवडा आणि फ्रेमरेट २५चा ५० करा. दोन्ही अर्धे वापरले जातात आणि वरात पुन्हा तशीच वाहती दिसते, जशी तेव्हा टीव्हीवर दिसायची. हे केल्यावरही माणसं जागच्या जागी मागेपुढे हिसके देत असतील तर अर्ध्यांचा क्रम उलटा लिहिला गेलाय. डीव्ही कॅसेटवर खालचा अर्धा आधी असतो, घाईत आम्ही वरचा आधी असं लिहून टाकायचो. कस्टममध्ये पॅरिटी, म्हणजे हाच क्रम, बदलून बघा. एका मिनिटाचा तुकडा आधी करून पाहायचा, तोही वरातीतला. आहेर स्वीकारताना कुणी हलत नाही, तिथे दोष दिसत नाही.

क्रॉपिंग (चित्राच्या कडा कापणं) आपोआपवर ठेवू नका, शून्य करा. चित्र रुंद टीव्हीभर ताणू नका. नवरी आडवी होते आणि वहिन्या मला बोल लावतात.

पेनड्राइव्ह फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल त्यात जात नाही, ‘जागा असूनही’ जात नाही. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा (आतलं सगळं पुसलं जातं) किंवा फाइल त्याखाली ठेवा. व्हॉट्सअपवर व्हिडिओ म्हणून पाठवलंत तर ते पुन्हा आवळतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जातं. यूट्यूबवर मात्र ती सिनेमाची गाणी आडवी येतील. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पैसे देऊन करून घेतलेली फिल्म, वेगळा करार नसेल तर, करून घेणाऱ्याची असते, म्हणजे लग्न तुमचं. गाणी तुमची नाहीत, माझीही नव्हती.

फायली दोन हार्ड डिस्कवर ठेवा, एक माझ्याकडे, एक पुण्याला, असं आम्ही केलं. डिस्क टाकून देण्याआधी प्रत तपासा, आणि ती सुरुवातीपासून बघायची गरज नाही. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते, बोटं लागतात ती कडेला, त्यामुळे खराब होतो तो कार्यक्रमाचा शेवट. पुतणीने गणपतीपूजनापासून बघायला घेतलं होतं. मी म्हटलं, अगं, आधी पाठवणी लाव.