किनाऱ्याला लागलेला डॉल्फिन आणि गोवराच्या कुळातला विषाणू: या चुका टाळा

डॉल्फिन आणि देवमासे यांच्यात साथ पसरवणारा मॉर्बिलीविषाणू हा माणसांतील गोवर, कुत्र्यांतील डिस्टेंपर, शेळ्यामेंढ्यांतील पीपीआर हा साथीचा रोग आणि २०११ साली जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झालेली गुरांची बुळकांडी यांचाच भाऊबंद आहे. तो फुप्फुसे आणि मेंदू यांवर घाला घालतो, शिवाय प्रतिकारशक्ती इतकी खचवतो की बुरशीसारखे दुय्यम संसर्ग त्या प्राण्याचा सहज ताबा घेतात.

जिवंत डॉल्फिन वाळूत दिसला की जमलेली मंडळी त्याला घाईने पाण्यात ढकलतात, ही सर्वांत जुनी चूक आहे. डॉल्फिन हवेत श्वास घेतो, त्यामुळे पाण्याबाहेर तो गुदमरत नाही; एकटा किनाऱ्याला लागलेला प्राणी बहुधा आधीच आजारी असतो, आणि कळपात परतल्यास एकत्र पृष्ठभागावर येऊन सोडलेल्या उच्छ्वासातून तो इतरांना संसर्ग देऊ शकतो. पशुवैद्य येईपर्यंत त्याला सावली करावी, अंगावर ओली फडकी ठेवावीत आणि डोक्यावरच्या श्वासरंध्रात पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नये. हा विषाणू माणसाला बाधल्याची नोंद नाही, पण माणसालाही बाधू शकणारे ब्रुसेलासारखे जिवाणू त्याच प्राण्यात असू शकतात. म्हणून हातमोजे आणि मास्क हवेत, कुत्री दूर हवीत. आपल्या कोकणात वन विभागाला कळवल्यावाचून मृत प्राण्यालाही हात लावू नये, कारण वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला संरक्षण आहे.

दुसरी चूक जाणत्यांकडूनही झालेली आहे. १९८७च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर न्यू जर्सीपासून बॉटलनोज डॉल्फिनचे मृतदेह लागू लागले, आणि पुढच्या वर्षापर्यंत फ्लोरिडापर्यंतचा आकडा ७४०च्या वर गेला. अधिकृत चौकशीने १९८९ साली दोष ठेवला तो लाल भरतीच्या, म्हणजे समुद्रात एकाएकी माजून पाणी तांबूस करणाऱ्या सूक्ष्म शैवालातील विषावर, जे माशांमार्फत डॉल्फिनच्या पोटात गेले असे मानले गेले. पुढे जपून ठेवलेले ऊतींचे तुकडे नव्याने तपासले, तेव्हा त्यांत मॉर्बिलीविषाणू सापडला. तुकडे टाकून दिले असते तर पहिला निष्कर्षच पाठ्यपुस्तकात कायम राहिला असता. किनाऱ्यावर उभे राहून ‘जहाजाचा धक्का’ किंवा ‘प्रदूषण’ असे सांगून मोकळे होणाऱ्यांनी हे प्रकरण लक्षात ठेवावे. आजाराने भांबावलेला प्राणी जहाजाखाली किंवा जाळ्यातही सापडतो.

खरे नुकसान होते ते नमुने घेताना. चरबीचा जाड थर आतली उष्णता धरून ठेवतो, त्यामुळे मृतदेह वरून थंड लागला तरी आत कुजणे जोरात चालू असते. उद्या सकाळी पाहू, असे म्हटले की पुष्कळदा प्रकरण संपते. फुप्फुस, प्लीहा, लसिका ग्रंथी आणि मेंदू या प्रत्येकाचे दोन भाग करावेत: एक आरएनए (विषाणूचे जनुकीय द्रव्य) तपासणीसाठी अतिथंड फ्रीझरमध्ये, दुसरा ऊती कुजू न देणाऱ्या दहा टक्के फॉर्मलिन द्रावणात. मुठीएवढा गोळा लहान बाटलीत कोंबला, तर काही दिवसांनी कापल्यावर कडेने करडा आणि घट्ट, मध्ये मात्र लालसर आणि पिचपिचीत निघतो, कारण फॉर्मलिन आत पोचलेलेच नसते. तुकडा सेंटिमीटरभर जाड असावा आणि फॉर्मलिन त्याच्या दसपट. कवटी फोडणे कष्टाचे म्हणून मेंदू सोडून देणे तर अक्षम्यच म्हणावे लागेल, कारण भूमध्य समुद्रातील पट्टेदार डॉल्फिनमध्ये साथ ओसरल्यानंतरही विषाणू केवळ मेंदूत तग धरून राहिलेला आढळला आहे, आणि अशा वेळी फुप्फुसाचा अहवाल खुशाल ‘निगेटिव्ह’ येतो.

अहवाल वाचतानाही घोळ होतो. रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूशी लढण्यासाठी शरीराने बनवलेली प्रथिने सापडली, तर प्राण्याला कधीतरी लागण झाली होती एवढेच ठरते. मृत्यू त्यानेच झाला असे नव्हे. उलट जिवंत कळपात प्रतिपिंडे मुळीच न सापडणे हे सुचिन्ह मानू नये. १९८८च्या साथीतून वाचलेले डॉल्फिन म्हातारे होऊन संपत गेले, त्यानंतर जन्मलेल्यांना विषाणूची ओळखच नव्हती, आणि जुलै २०१३ ते मार्च २०१५ या काळात न्यूयॉर्क ते फ्लोरिडा पट्ट्यात सोळाशेहून अधिक डॉल्फिन दगावले.

संशय एकाच विषाणूवर खिळवून ठेवू नये, हेही तितकेच खरे. मार्च २०२२मध्ये फ्लोरिडात धक्क्याची भिंत आणि खांब यांच्यामध्ये अडकलेला एक बॉटलनोज डॉल्फिन मदत पोचण्याआधीच मेला. त्याच्या मेंदूला सूज होती, पण मॉर्बिलीविषाणू आणि रेबीज या दोन्ही तपासण्यांत काही हाती लागले नाही. तरीही नमुने जपून ठेवलेले होते, म्हणून शोध पुढे चालू राहिला आणि मेंदूत सापडला तो पक्ष्यांचा एच५एन१ इन्फ्लुएंझा.