कामावर परतताना अंगावरचं दूध काढून कसं ठेवावं

पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्यावं, पाणीसुद्धा नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण कितीतरी जणींना त्याआधीच कामावर रुजू व्हावं लागतं आणि घरात लगेच वरच्या दुधाची बोलणी सुरू होतात. एवढी घाई करू नका. दूध काढून ठेवता येतं, आणि जुलाब व श्वसनाच्या संसर्गांशी लढणारी प्रतिपिंडं त्यातूनही बाळाला मिळतात.

रुजू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी सराव सुरू करा. मी पहिल्यांदा बसले तेव्हा वाटीचा तळही धड झाकला गेला नाही आणि मला रडू आलं. पहिल्या खेपेला एवढंच निघतं, त्यावरून दूध कमी आहे असं ठरवू नका. बाळ जितकं ओढून घेतं तितकं हाताने किंवा पंपाने निघत नाही.

आधी हात साबणाने स्वच्छ धुवा. भांडं आणि झाकण साबणाने धुऊन उकळून घ्या. निवांत बसा, छातीला कोमट ओला कपडा लावा, हलक्या हाताने मसाज करा. बाळ जवळ असेल तर त्याच्याकडे बघा, नसेल तर त्याचं झबलं जवळ ठेवा. पान्हा ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे फुटतो आणि ताण, वेदना, घाई यांनी तो अडतो.

आता अंगठा स्तनाग्राच्या वर आणि बोटं खाली, गडद भागाच्या कडेशी ठेवा. आधी छातीच्या दिशेने मागे दाबा, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे दाबा, सोडा. त्वचेवर बोटं घासू नका आणि स्तनाग्र पिळू नका, त्याने दूध येत नाही, फक्त दुखतं. सुरुवातीला थेंबच येतात, मग एकदम धारा लागतात. धार मंदावली की बोटांची जागा थोडी फिरवा, नंतर दुसरी बाजू घ्या. सगळं मिळून वीस ते तीस मिनिटं लागतात. कामाच्या ठिकाणी साधारण तीन तासांनी काढत राहा, कारण छाती भरलेली राहिली की शरीर दूध बनवणंच कमी करतं.

दूध ६० ते १०० मिलीच्या छोट्या डब्यांत भरा म्हणजे वाया जात नाही. डब्यावर तारीख आणि वेळ लिहा, आणि जुनं आधी वापरा. ताजं दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानाला चार तास टिकतं, उकाड्यात त्याहून कमी. फ्रिजमध्ये, दारात न ठेवता आतल्या बाजूला, चार दिवस. फ्रीझरमध्ये सहा महिन्यांपर्यंत उत्तम, पण दूध गोठताना फुगतं म्हणून डबा काठोकाठ भरू नका. गोठलेलं दूध फ्रिजमध्ये पूर्ण वितळल्यावर २४ तासांत संपवा, पुन्हा गोठवू नका.

वर साय जमलेली दिसली तर दूध नासलं असं समजून ओतून देऊ नका! हलकेच फिरवलं की ते एकजीव होतं. गरम करायचं तर डबा कोमट पाण्यात ठेवा. गॅसवर उकळू नका. मायक्रोवेव्ह तर नकोच, दूध कुठे कोमट तर कुठे चटका देणारं होतं आणि बाळाचं तोंड भाजतं.

पाजणाऱ्या माणसाला आधीच एकदा करून दाखवा. बाळाला मांडीवर जवळजवळ बसतं धरा, छोट्या वाटीची कड खालच्या ओठाला टेकवा आणि दूध ओठापर्यंत येईल इतकीच वाटी कलती करा. बाळ स्वतः जिभेने घेतं. तोंडात ओतू नका, ठसका लागतो. उष्टं दूध दोन तासांत संपलं नाही तर टाकून द्या.

घरी आल्यावर हातपाय धुऊन आधी बाळाला अंगावर घ्या, बाकीची कामं नंतर. रात्रीचं पाजणं चालू ठेवा, कारण दूध बनवणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. छातीत दुखरी गाठ, लाली आणि ताप असं एकत्र आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दूध काढणं मात्र तोवर थांबवू नका.