ह्यांच्या खोलीतली पूजा

नवरा केअर सेंटरमध्ये असला की पूजा तिथेच न्यायची. ऑक्सिजन चालू असेल तिथे निरांजन, उदबत्ती अजिबात नको. सेलवरची पणती लावा. देवाला चालतं, सासूबाईंना चाललं नसतं. दादरच्या फूलबाजारातून मोगरा घ्या, त्यांच्या हातात द्या. आमचे हे माझं नाव विसरतात, पण मोगरा हुंगून आरती सुरू केली की मांडीवर बोटांनी ठेका धरतात. गिळायला त्रास असेल तर खोबऱ्याचा तुकडा नको, साखरफुटाणेही नकोत. सिस्टर सांगतील तेच द्यायचं, तेही ताठ बसवून. मग दार लोटा, हात धरून बसा. बायकोनं लाजायचं काय? वटपौर्णिमेला वडाला फेऱ्या मारून सरळ लोकल पकडा. तुम्हाला मधुमेहाची गोळी असेल तर त्या दिवशीचा उपास डॉक्टरांना विचारूनच.