फॅन बेल्ट बदलूनही आवाज जात नाही? या चुका टाळा

पावसाळ्यात सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून ‘चींऽऽ’ आवाज येतो. गॅरेजमध्ये उत्तर ठरलेलं असतं: फॅन बेल्ट, म्हणजे इंजिनच्या पुल्या फिरवणारा रबरी पट्टा, गेला. माझ्या गाडीचाही बदलला. महिन्याभरात आवाज परत आला, कारण वाजत होतं ते आयडलर पुलीचं, म्हणजे बेल्टला नुसती वाट देणाऱ्या चाकाचं, बेअरिंग.

नुसता बेल्ट बदलणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. बेल्ट उतरवलाच आहे, तर आयडलर आणि टेन्शनरची (बेल्ट ताणून धरणाऱ्या भागाची) पुली हाताने फिरवून बघा. खरखर लागली, अडखळली, डुगडुगली, किंवा ग्रीस संपल्यामुळे भिंगरीसारखी सुटी फिरत राहिली, तर ती बदलायचीच. वॉटर पंपाचा शाफ्ट हलतोय का, खाली कूलंट ओघळल्याची खूण आहे का, तेही पाहा. इंजिन चालू असताना टेन्शनरचा हात थोडासा थरथरणं ठीक. थडाथडा उडत असेल तर त्याचा जोर संपलाय.

दुसरी चूक, भेगा शोधत बसणं. जुने निओप्रिनचे बेल्ट तडकायचे. आताचे ईपीडीएम रबराचे बेल्ट सहसा तडकत नाहीत, टायरसारखे झिजतात. खाचा रुंद आणि खोल होतात, पकड सुटते, पण वरून बेल्ट धडधाकट दिसतो. नव्या बेल्टशेजारी ठेवला की फरक लगेच कळतो.

आवाजावर स्प्रे, साबण किंवा पावडर मारू नका. त्याने धूळ चिकटते आणि दुखणं झाकलं जातं. त्याऐवजी इंजिन आयडलिंगला ठेवून, बाही आणि ओढणी आवरून, लांबूनच बेल्टच्या खाचांच्या बाजूवर साध्या पाण्याचा फवारा मारा. आवाज थांबून थोड्या वेळाने परत आला, तर बहुधा पुल्या एका रेषेत नाहीत. वाढला, तर बेल्ट घसरतोय, ताण कमी आहे. बेल्टवर ऑइल किंवा कूलंट दिसलं तर आधी गळती बंद करा, नाहीतर नवा बेल्टही वाया जाईल.

विकत घेताना नंबर जुळवा. ६पीके१२२० म्हणजे सहा धारा (खाचांमधल्या उभ्या पट्ट्या), लांबी १२२० मिमी. ‘थोडा लांब आहे, चालेल’ हे मान्य करू नका. टेन्शनरला मग पुरेसा ताण देता येत नाही.

उतरवण्याआधी बेल्टच्या मार्गाचा मोबाइलवर फोटो काढा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. स्क्रूड्रायव्हर घालून बेल्ट ओढून चढवला की आतले दोरे दुखावतात. टेन्शनर पान्याने मागे घ्या. बसवल्यावर प्रत्येक पुलीवर बोट फिरवून बघा, एक धार बाहेर राहिली तरी बेल्टची कड उसवते. मग क्रँक पुलीचा (इंजिनच्या मुख्य शाफ्टवरच्या पुलीचा) बोल्ट पान्याने धरून इंजिन दोन फेरे हाताने फिरवा.

टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारा पट्टा, मात्र यात धरू नका. तो कव्हरच्या आत असतो, तुटेपर्यंत बहुधा आवाजही करत नाही, आणि तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात. मॅन्युअलमधले किलोमीटर किंवा वर्षं, जे आधी भरेल तेव्हा तो टेन्शनरसकट बदला.